तुस्कानो सरांची आगाऊ श्रद्धांजली

वसईत आजवर खऱ्या अर्थाने अभेद्य अशी एकच वास्तू उभी राहिली आणि ती म्हणजे पापडीच्या रस्त्यावरची 'नीलमोहर' सहकारी गृहनिर्माण संस्था. किल्ल्याचं नाव मोठं असलं तरी तो शेवटी पडला. नीलमोहर पडली नव्हती, पडणं शक्यही नव्हतं. हे मत सोसायटीचे सेक्रेटरी विलास पेडणेकर यांचं होतं आणि २००३ सालच्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी दाढी करून घेऊन ते न्हाव्याच्या खुर्चीतून उठेपर्यंत ते टिकलं.

या अभेद्यतेचं कारण जिन्याखाली, पाण्याच्या पंपाच्या स्विचशेजारी, खिळ्याला टांगलेलं होतं. वहीएवढी काळी पेटी आणि तिच्यावर लुकलुकणारे हिरवे दिवे. केबलवाल्या अनुजने अख्ख्या बिल्डिंगला मिळून इंटरनेटचं एकच कनेक्शन दिलं होतं आणि ते घराघरांत वाटायचं काम ही पेटी करत होती. पेडणेकर चर्चगेटला एका विमा कंपनीत होते. तिथल्या कॉम्प्युटर विभागाने काढलेल्या पुस्तिकेत त्यांनी 'नॅट' हा शब्द वाचला होता. पुस्तिकेत त्याबद्दल दोन परिच्छेद होते. पहिला वाचून होईपर्यंत त्यांचा इतका विश्वास बसला, की दुसऱ्याची गरज उरली नाही.

जूनमध्ये, पेटी बसवल्यावर, त्यांनी कंपाउंडमध्ये खास सभा बोलावली होती.

"नॅट म्हणजे नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन," त्यांनी सांगितलं. "बाहेरच्या जगाला आपला एकच पत्ता दिसतो, या पेटीचा. तिच्यामागे बारा कॉम्प्युटर आहेत का बारा म्हशी, कुणाला काय कळणार? आपल्या विठ्ठलसारखं समजा. बाहेरचा माणूस गेटवर आला आणि विचारायला लागला, आत कोण राहतं, तर विठ्ठल काय सांगतो?"

"'म्हाईत नाय' सांगतो," तळमजल्यावरच्या चंद्रकांताबाई राऊत म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या भाच्याला पन तेच सांगितला."

"तीच तर सुरक्षा," पेडणेकर म्हणाले. "म्हणून मी म्हणतो, ते प्रत्येक घरी अँटीव्हायरस घ्या, पासवर्ड ठेवा, हे सगळं कंपन्यांनी काढलेलं आहे. ज्यांच्याकडे नॅट नाही त्यांच्यासाठी."

नेमकी त्याच वेळी राजोडीची मासेवाली थेरेसा डोक्यावर टोपली घेऊन सभेच्या मधून निघाली.

"विठ्ठल, हिला आत कुणी सोडलं?"

"वरनं हाक मारली साहेब," वॉचमन विठ्ठल खाली बघत म्हणाला. "तुमच्याच गॅलरीतनं."

"वैनीनीच बोलावला," थेरेसा न थांबता म्हणाली. "आतून बोलावला तर मी येनार. ताजी बोंबलां हायत, कोनाला पायजे तर सांगा." पेडणेकरांच्या पत्नी सुहासिनीवहिनींना बोंबील देऊन झाल्यावर ती नेहमीप्रमाणे चारही मजले फिरली.

खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतून तेव्हा तुस्कानो सर उठले होते. सेबॅस्टियन तुस्कानो भूगोलाचे निवृत्त शिक्षक. निम्म्या वसईने त्यांच्याकडून छडी खाल्ली होती आणि उरलेल्या निम्म्या वसईला त्याचा हेवा वाटे. ते तिसऱ्या मजल्यावर, पेडणेकरांच्या बरोबर समोर राहत.

"पेडणेकर, एक शंका. तुमच्या पेटीतही असंच असणार ना? आतून कुणी हाक मारली, की बाहेरचं आत?"

"आतून मागवलेलं येणारच सर. त्यासाठीच तर इंटरनेट घेतलंय."

"आणि टोपलीत काय आहे, ते पेटी बघते?"

"ते तिचं काम नाही."

"मग कुणाचं?"

उत्तर सुचलं नाही की माणूस जे करतो ते पेडणेकरांनी केलं. "सर," ते म्हणाले, "तुमच्याकडे तर कॉम्प्युटरच नाही."

लोक हसले. फार नाही, पण हसले. सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मी ज्वालामुखी शिकवला, पेडणेकर," ते म्हणाले. "तोसुद्धा माझ्या घरी नव्हता." आणि खाली बसले.

त्या दिवसापासून सरांनी पेडणेकरांशी बोलणं टाकलं.

हे पेडणेकरांना जड गेलं. इतकी वर्षं पेडणेकर ऑफिसातून आले की दोघं गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसत. सर येणाऱ्याजाणाऱ्याचं शाळेतलं प्रगतिपुस्तक सांगत आणि पेडणेकर त्याच्या थकलेल्या मेन्टेनन्सची माहिती देत. मिळून माणूस पुरा होई. सरांची सांडोरला केळीची वाडी होती. तिथून सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आली की पहिला पुडा, केळीच्या सुक्या पानात बांधलेला, पेडणेकरांना मिळे. जूननंतर बाक रिकामा पडला. सर संध्याकाळी किल्ल्याच्या दिशेने फिरायला जाऊ लागले. सुकेळी बंद झाली.

"जाऊन बोला ना एकदा," सुहासिनीवहिनी म्हणत.

"मी काय खोटं बोललो? नाहीच आहे त्यांच्याकडे कॉम्प्युटर."

"मग बसा कॉम्प्युटर घेऊन."

पेडणेकर कॉम्प्युटर घेऊन बसत. त्या कॉम्प्युटरमध्ये एक फोल्डर होतं आणि त्याबद्दल सुहासिनीवहिनींखेरीज कुणाला माहीत नव्हतं. सोसायटीचे पहिले अध्यक्ष वारले तेव्हा शोकसभेत पेडणेकरांना आयत्या वेळी बोलायला उभं केलं होतं. पुष्कळ आठवूनही त्यांना अध्यक्षांबद्दल एवढंच आठवलं, की ते मेन्टेनन्स आगाऊ भरत. ते त्यांनी सांगितलं आणि बसले. अध्यक्षांच्या पत्नी त्यानंतर सहा महिने सोसायटीचा मेन्टेनन्स भरेनात. तेव्हापासून पेडणेकरांनी धडा घेतला होता. सोसायटीतल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाची श्रद्धांजली त्यांनी वेळ काढून, शांतपणे, फोटोसकट तयार करून ठेवली होती. तारखेची जागा तेवढी मोकळी होती. 'अल्पशा / प्रदीर्घ आजाराने (नको ते खोडावे)' अशी सोयही होती. सभासदांबद्दल यात वाईट भावना काही नव्हती. पावसाळ्यापूर्वी गच्चीचं डांबर करून घेतात, त्यातलाच प्रकार.

जुलैत एकदा, सर समोरून मान फिरवून गेले त्या संध्याकाळी, पेडणेकरांनी रागाने सरांची श्रद्धांजली उघडली. दोन पानांची होती, ती अर्ध्या पानावर आणायचा बेत होता. तासाभराने उठले तेव्हा ती अडीच पानांची झाली होती.

आता दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पहिली अशी, की झेरॉक्सचा खर्च वाचावा म्हणून पेडणेकर सोसायटीच्या नोटिसा आपल्या कॉम्प्युटरवर ठेवत आणि सगळ्यांनी त्या आपापल्या घरून वाचाव्यात म्हणून त्यांनी आपला कॉम्प्युटर बिल्डिंगला सताड उघडा ठेवला होता. पासवर्ड नाही, काही नाही. बाहेरून कुणी येणार नव्हतं, आतले सगळे आपलेच होते. दुसरी गोष्ट मराठी फॉन्टची. त्या काळी मराठीत लिहिलेली फाइल दुसऱ्याकडे उघडली, की कधी चौकोन दिसत, कधी पाली चालून गेल्यासारखी अक्षरं आणि कधी काहीच नाही. म्हणून पेडणेकरांनी फॉन्टची फ्लॉपी घरोघर दिली होती. एखादी फाइल उघडेना, तर नीलमोहरमध्ये कुणी घाबरत नसे. 'फॉन्ट नसेल' म्हणत आणि पुढच्या कामाला लागत.

सप्टेंबरातल्या त्या आठवड्यात, गुरुवारी, पेडणेकरांना एक इंग्रजी मेल आला. 'आपलं नेटवर्क पूर्णपणे सुरक्षित आहे, प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे,' अशा अर्थाचा. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं नव्हतं, पण त्याचं मत ओळखीचं होतं. रविवारी वार्षिक सभा होती, सेक्रेटरीची निवड होती. प्रमाणपत्राची प्रत बोर्डावर लावता आली असती, सरांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. पेडणेकरांनी त्यावर दोनदा क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. पुन्हा केलं. स्क्रीन एकदा डोळा मिचकावल्यासारखा झाला.

"फॉन्ट नसेल," पेडणेकर म्हणाले आणि जेवायला उठले.

शनिवारी सुट्टी होती. सभेसाठी म्हणून त्यांनी केस कापून घेतले, दाढी केली आणि पावडरीच्या वासात घरी आले, तो सोसायटीचं गेट सताड उघडं. विठ्ठल टोपी हातात घेऊन उभा. कंपाउंडमध्ये माणसं खालच्या आवाजात बोलत होती. दोघाचौघांच्या हातांत हार होते. एकाने बांबूची चौकशी कुठे करायची असं विचारलं आणि दुसऱ्याने त्याला 'त्यांच्यात नसतं तसं' म्हणून गप्प केलं.

चंद्रकांताबाई डोळे पुसत पुढे आल्या. "सर गेले हो, पेडनेकर."

"कोण सर?"

"आपले. तुस्कानो सर."

पेडणेकर बाकावर बसले. बसल्यावर लक्षात आलं, की ते आपल्या नेहमीच्या बाजूला बसलेत आणि दुसरी बाजू मोकळी सोडलीय. मग त्यांना काही दिसेना. ज्वालामुखी आठवला. लोक हसले होते ते आठवलं. समोरच्या दारावर एकदा टकटक करायला किती पावलं लागतात, हे त्यांनी जूनपासून पुष्कळदा मोजलं होतं आणि ती फार नव्हती. सेक्रेटरीने चारचौघांत रडू नये असं उपविधीत कुठे नाही. ते रडले.

"पाणी द्या रे कुणीतरी," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "दोघांचा जीव होता एकमेकांवर. वरनं कितीपन भांडले तरी."

"कसं झालं?" पेडणेकरांनी नाक पुसत विचारलं.

"ते नाय कळला. दाराला कुलूप हाय. हिल्डाबाई पन नायत. हॉस्पिटलातच आसतील दोघं. म्हणजे हिल्डाबाई आसतील." त्यांनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. "आम्ही पापडीच्या चर्चमधे निरोप धाडला. पन काय लिवलाय तुम्ही, पेडनेकर. माझ्या सुनेने वाचून दाखवला. अर्ध्यात तिचाच आवाज गेला."

"हो, लिहून ठेवलंय मी," पेडणेकर म्हणाले. "शोकसभेत वाचीन." मग त्यांचा हुंदका मध्येच थांबला. "तुम्ही कसं वाचलंत?"

चंद्रकांताबाईंनी बोर्डाकडे बोट दाखवलं. नोटीस बोर्डावर, पाणी जपून वापरण्याच्या सूचनेशेजारी, काळ्या चौकटीत तुस्कानो सर हसत होते. फोटो सोसायटीच्या पिकनिकचा होता. कडेला वडापाव धरलेला पेडणेकरांचा हात थोडा राहून गेला होता. खाली अडीच पानं, कुणीतरी प्रिंट काढून टाचलेली.

"चंद्रकांताबाई," पेडणेकर हळूच म्हणाले, "तुम्हाला ही बातमी दिली कुणी?"

"म्हणजे? तुम्हीच."

"मी?"

"मेल आला ना तुमचा सकाळी. सगळ्यांना आलाय."

"मला तर तुम्ही आत्ता सांगितलंत."

चंद्रकांताबाईंनी पदर डोळ्यांवरून काढला. जमलेली माणसं पेडणेकरांकडे बघू लागली आणि पेडणेकर सरांच्या फोटोकडे.

तेवढ्यात सुहासिनीवहिनी तरातरा जिना उतरून आल्या. "कुठे होतात तुम्ही? सकाळपासून फोन थांबत नाहीये. तुमच्या साहेबांचा आला होता, वडील गेल्याचं ऐकून वाईट वाटलं म्हणाले. कोणाचे वडील, विचारलं तर म्हणे फोटो आलाय, खाली काय लिहिलंय ते वाचता येत नाही, नुसत्या पाली दिसतात. आणि रत्नागिरीहून भाऊजी एसटीत बसलेत."

"ते कशाला?"

"त्यांना फोटोत मोठे काका वाटले. मोठ्या काकांना फोन लावला तर त्यांनीच उचलला. म्हणाले, बसलेच आहेत गाडीत तर येऊ देत."

दुसऱ्या मजल्यावरची संपदा चौधरी अंधेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. ती धावतच वरून आली. "काका, मी तुमचा कॉम्प्युटर बंद करून आलेय. आणि आधी सगळ्यांनी आपापले बंद करा. ज्यांनी ज्यांनी सरांचं वाचलंय, त्यांच्याकडूनपण आता फाइली बाहेर चालल्यायत. आपोआप. कुठलीही एक उचलतंय आणि अॅड्रेस बुकात जितके आहेत तितक्यांना पाठवतंय."

"कुठलीपन म्हंजे?" चंद्रकांताबाईंनी विचारलं.

"तुमच्याकडून अनारशांची कृती गेलीय, मावशी. मलाही आली."

चंद्रकांताबाईंचा चेहरा उतरला. "सूनबाईने टाईप केलेली? ती खरी होती."

"खरी म्हणजे?" सुहासिनीवहिनी त्यांच्याकडे वळल्या. "मग मला दिलीत ती कुठली?"

हा प्रश्न अधिक पेटला असता, पण गेटाशी रिक्षा थांबली. तिच्यातून आधी केळीचा एक भलामोठा लोंगर उतरला, मग हिल्डाबाई आणि लोंगर सांभाळत तुस्कानो सर. सकाळीच दोघं सांडोरच्या वाडीवर गेले होते. मोबाइल सरांकडे नव्हता आणि असता तरी भूगोलाच्या विरोधातली वस्तू म्हणून त्यांनी तो घरीच ठेवला असता.

सरांनी उघडं गेट पाहिलं, माणसं पाहिली, हार पाहिले. आवाज खाली आणून त्यांनी विठ्ठलला विचारलं, "कोण गेलं?"

विठ्ठल गेली कित्येक वर्षं गेटवरच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत आला होता. "माहीत नाही साहेब," तो म्हणाला.

हिल्डाबाईंनी क्रूसाची खूण केली. मग त्यांचं लक्ष बोर्डाकडे गेलं. "सेबी," त्या म्हणाल्या, "हा तुझा फोटो हाय."

सर बोर्डासमोर गेले. चष्मा लावला. खिशातलं लाल पेन हातात घेतलं, ते त्यांनी वाचताना कायमच घेतलेलं असे. मग पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. कंपाउंडमध्ये कुणी हललं नाही. निम्मे त्यांचे विद्यार्थी होते, त्यांनी नकळत हात मागे बांधले. एकाने हातातला हार विठ्ठलच्या हातात दिला, विठ्ठलने तो सोसायटीच्या नळाला अडकवला. सरांचं पेन मधूनमधून कागदावर टेकत होतं. पेडणेकर बाकावरून उठले आणि पुन्हा बसले.

अडीच पानं संपल्यावर सरांनी टाचण्या काढून कागद हातात घेतले. येऊन बाकावर आपल्या बाजूला बसले.

"पेडणेकर."

"सर."

"'अल्पशा / प्रदीर्घ.' काय ठेवायचं ठरवलंय?"

"सर, ते... ते आयत्या वेळी..."

"बरं. 'मितभाषी' कोण?"

"कोण मितभाषी?" हिल्डाबाईंनी लोंगर खाली ठेवला. "बघू. कुठे लिवलाय?"

"तू थांब. पेडणेकर, 'विद्यार्थ्यांवर त्यांनी कधी हात उगारला नाही.' हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मागे कुणीतरी खोकलं.

"श्रद्धांजलीत तसं लिहितात, सर."

"मी वसईत वारणार आहे, पेडणेकर. ऐकणारे सगळे इथलेच असणार. मग काय तोंड दाखवू?" सरांनी पान उलटलं. "आणि वाडी सांडोरला आहे. तुम्ही राजोडीला नेऊन ठेवलीत. भूगोलाच्या शिक्षकाची श्रद्धांजली आहे, निदान पत्ते तरी बरोबर हवेत." मग ते शेवटच्या पानावर थांबले. इथे लाल शाई नव्हती. "हे काय लिहिलंय? 'या एकाच माणसाशी अबोला धरणं मला परवडलं नाही. बाकीच्या अकरा घरांशी मी आरामात धरू शकलो असतो.'"

बाकीच्या अकरा घरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे जुलैत घातलं," पेडणेकर म्हणाले.

"जुलैत परवडत नव्हतं, तर समोरचं दार काय आफ्रिकेत होतं?"

"पाय उचलेना सर."

सरांनी पिशवीत हात घातला आणि केळीच्या सुक्या पानात बांधलेला एक पुडा काढून बाकावर मध्ये ठेवला. मग आणखी एक. मग आणखी. "दर खेपेला बांधून घेत होतो," ते म्हणाले. "मग आठवायचं, की आपलं बोलणं नाही. वाडीवरच्या कपाटात साठली होती. आज मुंग्या लागायला लागल्या म्हणून घेऊन आलो."

पेडणेकरांनी एक पुडा सोडला. मुंग्या लागल्याच होत्या. त्यांनी त्या झटकल्या आणि खाल्लं.

चर्चमधून फादरांनी पाठवलेला माणूस तेवढ्यात सायकलवरून आला. उद्याच्या मिस्सेत सरांचं नाव घ्यायचं, तर पूर्ण नाव काय, हे विचारायला. हिल्डाबाईंनी ते सांगितलं. "अग, पण मी आहे ना," सर म्हणाले. "आसू दे की," हिल्डाबाई म्हणाल्या. "जिवंत मान्सासाठी प्रार्थना केली तर फुकट थोडीच जाते."

आता पेडणेकरांना थोडा धीर आला आणि धीर आल्याबरोबर त्यांना नॅट आठवलं. "पण संपदा, हे होऊ कसं शकतं? बाहेरचा कुणी आपल्या आत येऊच शकत नाही. पेटीचे दिवे तर चालू आहेत."

"पेटीला काही झालेलं नाही काका. बाहेरून कुणी घुसलंच नाही. आतल्या कुणीतरी मागवलं, पेटीने आणून दिलं. मेल आपण मागवतो तेव्हाच येतो ना? पेटी फक्त बघते, की आतून कुणी मागवलं होतं का. होतं, तर या. एकदा आत आलं, की तिचा संबंध संपला. पुढे बिल्डिंगभर फिरायला तर तुमचंच दार उघडं होतं."

"थेरेसासारखं," सुहासिनीवहिनी म्हणाल्या.

"हो काकू. पण थेरेसा निदान बोंबील आहेत म्हणून सांगते."

"मागवलं कुणी पण?" पेडणेकरांनी सेक्रेटरीच्या आवाजात विचारलं आणि कंपाउंडवरून नजर फिरवली. "ज्याने कुणी बेजबाबदारपणे काही उघडलं असेल, त्याने पुढे यावं. उद्याच्या सभेत त्याचं नाव घ्यावं लागेल."

"मी बघून आलेय सगळीकडे," संपदा म्हणाली. तिला हे बोलणं अवघड जात होतं. "सगळ्यात आधीची तारीख तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. गुरुवारची. काहीतरी सर्टिफिकेट होतं."

पेडणेकरांच्या तोंडात सुकेळी होती, म्हणून त्यांना लगेच बोलता आलं नाही.

"कसलं सर्टिफिकेट?" सरांनी विचारलं.

"सुरक्षिततेचं," पेडणेकर म्हणाले. "उघडलं नाही. मला वाटलं, फॉन्ट नसेल."

सरांनी लाल पेनचं टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. इथे तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतक्या सहज हातात आलेला विद्यार्थी त्यांनी कधी सोडला नव्हता. "पेडणेकर," ते म्हणाले, "दुसरं सुकेळं घ्या."

रविवारची सभा भरली तेव्हा पेडणेकर राजीनामा खिशात घालून आले होते. विरोधात कोण उभं राहणार, एवढंच ठरायचं होतं. पण कुणीच उठेना. शेवटी चंद्रकांताबाई उठल्या.

"एक इचारायचा व्हता. सरांचा अडीच पानं लिवलाय. माझा लिवलाय का?"

"आहे," पेडणेकर म्हणाले.

"किती?"

"सव्वा."

"सव्वाच?"

त्यावर चारी बाजूंनी चौकशा सुरू झाल्या. कुणाचा फोटो कुठला घेतलाय, जुना का नवा. कुणी रक्तदान केल्याचं आलंय का. जे साठीच्या आतले होते, त्यांचं म्हणणं पडलं की वयाची अट अन्यायकारक आहे. एका सभासदाने स्वतःबद्दलचे काही मुद्दे लिहूनच आणले होते. सेक्रेटरी बदलावा असं कुणाला वाटेना. नवीन माणूस येऊन पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांचं लिहीत बसणार, त्यात पाव पानसुद्धा मिळेल याची खात्री काय? चंद्रकांताबाईंनी नाव सुचवलं आणि पेडणेकर बिनविरोध निवडून आले. राजीनाम्याचा कागद त्यांनी उलटा करून त्यावर चंद्रकांताबाईंचे जादा मुद्दे टिपून घेतले. अनारशांच्या खऱ्या कृतीचा त्यात उल्लेख यावा, अशी सूचना सुहासिनीवहिनींनी मांडली. ती एकमताने मंजूर झाली नाही.

शेवटचा ठराव तुस्कानो सरांनी मांडला. प्रत्येक कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस बसवावा, पासवर्ड ठेवावा आणि अनोळखी माणसाने पाठवलेलं प्रमाणपत्र उघडू नये. अनुमोदन पेडणेकरांनी दिलं. पेटीबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, असं मात्र त्यांनी भाषणात स्पष्ट केलं. पेटीने आपलं काम चोख केलं होतं. ते काम आपल्याला वाटलं होतं ते नव्हतं, एवढंच. यावर सरांनी टाळी वाजवली, एकच, पण लोकांनी ती ऐकली.

संध्याकाळी संपदा सीडी घेऊन आली आणि तिने पहिला अँटीव्हायरस सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर बसवला. पेडणेकर आणि सर मागे खुर्च्या टाकून बघत बसले होते. मध्ये सुकेळी होती. पडद्यावर निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि मग एक इंग्रजी वाक्य आलं.

"काय म्हणतोय?" सरांनी विचारलं.

"बाधा झालेल्या फाइली दुरुस्त होत नव्हत्या, म्हणून पुसून टाकल्या म्हणतोय," संपदा म्हणाली. "काका, त्या 'श्रद्धांजली' फोल्डरमधल्या सगळ्याच गेल्या. दुसरीकडे कुठे ठेवल्या होत्यात?"

पेडणेकरांनी नकारार्थी मान हलवली. चंद्रकांताबाईंची सव्वा गेली. गच्चीला लागून राहणाऱ्या डिमेलोंची पाऊण गेली. उरली ती फक्त सरांची, कागदावरची, लाल शाईत दुरुस्त केलेली. ती पेडणेकरांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली.

तिची अजून गरज पडलेली नाही.